८२३ वर्षांनी येणारा महिना?

‘या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार, असा योग ८२३ वर्षांनी येतो, पुढे पाठवा म्हणजे धनलाभ होईल’ हा निरोप घरच्या ग्रुपवर कधीतरी आलाच असेल. आकडा इतका नेमका आहे की खरा वाटतो.

आता हिशोब पाहू. ३१ दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. त्यामुळे ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यात लागोपाठचे तीन वार पाच-पाच वेळा येतातच. एक तारखेला शुक्रवार असला की ते तीन शुक्र, शनि, रवि होतात. वर्षात असे मोठे महिने सात, म्हणून हा ‘योग’ बहुतेक वर्षी कुठल्या ना कुठल्या महिन्यात येतो. ऑक्टोबरच घ्या: २००४, २०१० आणि २०२१. मोबाइलच्या कॅलेंडरवर मागे जाऊन ताडून बघा.

शिवाय आपले इंग्रजी कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसेच्या तसे फिरून येते, कारण त्यातले १,४६,०९७ दिवस म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे. मग ८२३ वर्षे वाट पाहायला लावणारा महिना असणारच कसा?

फेब्रुवारीत ‘सातही वार चार-चार वेळा’ हाही त्याचाच भाऊ. २८ दिवसांच्या प्रत्येक फेब्रुवारीत ते घडते.