छातीत शिरलेल्या वस्तूचा माग

चाकू, गोळी किंवा लोखंडी सळई छातीत घुसते तेव्हा त्वचेवरच्या छिद्रावरून आतली हानी क्वचितच कळते. वस्तू कोणत्या वाटेने गेली आणि त्या वाटेत काय काय आले, हे प्रतिमातपासणीने, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनने, शोधायचे असते. मात्र फुप्फुसाभोवती कोंडलेल्या हवेचा दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडू लागले असेल, तर ते निदान रुग्णाला तपासूनच करावे लागते. तिथे एक्स-रेची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

पहिली तपासणी बहुधा एक्स-रेचीच असते, पण जखमी माणूस उताणा असल्याने ती फसवी ठरू शकते. उभ्या माणसात रक्त तळाशी उतरते आणि 200 ते 300 मिलिलिटर साचले तरी ओळखू येते. उताण्या माणसात तेच रक्त पाठीकडे पसरून केवळ धूसर छटा उमटवते, तर हवा पुढच्या बाजूला जमून नजरेतून निसटते. गोळीच्या जखमांबाबत एक हिशेब फार उपयोगी पडतो. प्रत्येक जखमेवर धातूची छोटी खूण चिकटवून एक्स-रे काढतात आणि जखमा व शरीरात दिसणाऱ्या अखंड गोळ्या यांची बेरीज करतात. गोळी आरपार गेली तर दोन जखमा, आत राहिली तर एक जखम आणि एक गोळी, म्हणजे बेरीज सम यायला हवी. ती विषम आली, तर गोळी पोटात उतरली आहे का, किंवा क्वचित घडते तसे, रक्तवाहिनीत शिरून दूर वाहत गेली आहे का, हे पाहावे लागते.

हृदयावरणात साचलेले रक्त सोनोग्राफी खाटेपाशीच काही मिनिटांत दाखवते. निरोगी फुप्फुस श्वासागणिक छातीच्या भिंतीवर सरकताना दिसते. ते सरकणे थांबले की मध्ये हवा शिरल्याचा संशय येतो. पण सोनोग्राफीत हृदयाभोवती रक्त दिसले नाही, तरी निर्धास्त होता येत नाही, कारण हृदयावरण फाटले असेल तर रक्त डाव्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत वाहून जाते आणि हृदयाभोवती काहीच दिसत नाही.

रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णाचा, शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात यासाठीचे द्रव्य, देऊन सीटी स्कॅन करतात. त्यात जखमेचा मार्ग सलग दिसतो आणि तो महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी), श्वासनलिका किंवा अन्ननलिकेजवळून गेला का, हे कळते. अन्ननलिकेचा संशय उरल्यास दुर्बिणीने वेगळी तपासणी करतात. रक्तदाब ढासळत असलेल्या रुग्णाला मात्र स्कॅनच्या खोलीत नेणे धोक्याचे असते. त्याची जागा शस्त्रक्रियागृहात.

सर्वांत जास्त चकवते ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. उच्छ्वासाच्या वेळी ते जवळजवळ स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर चढते, त्यामुळे छातीच्या खालच्या भागातला वार पोटातही पोहोचलेला असू शकतो. लहानसा छेद सीटीतही सुटू शकतो, आणि पुढे महिन्या-वर्षांनी त्यातून जठर किंवा आतडे छातीत सरकू शकते. म्हणून डाव्या बाजूच्या अशा जखमेत, स्कॅन स्वच्छ असूनही, अनेक शल्यविशारद दुर्बिणीतून श्वासपटल प्रत्यक्ष पाहणे पसंत करतात.