पाळणाघराने ठरलेल्या अटी मध्येच बदलल्या तर: ग्राहक आयोगात तक्रार कोणी, कशी आणि कोणत्या कागदांवर करायची

प्रवेशाच्या वेळी ठरते एक: सकाळी 8 ते संध्याकाळी 7, दोन वेळचे खाणे फीमध्येच, शनिवार अर्धा दिवस. चार महिन्यांनी पालकांच्या ग्रुपवर निरोप पडतो: सोमवारपासून सहाला बंद, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये, डबा घरून द्यावा. पैसे मात्र वर्षाचे आगाऊ घेतलेले असतात. अशा वेळी ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 पालकांच्या उपयोगी पडतो. पण निकाल बहुतेक वेळा कायद्याच्या कलमांपेक्षा दोन साध्या गोष्टींवर ठरतो: मूळ अटी कशावर लिहिल्या होत्या, आणि बदल कळल्यावर पालकांनी पहिल्या काही दिवसांत काय लिहून पाठवले.

पहिल्या आठवड्यात करायचे काम

भारतीय करार अधिनियम, 1872 प्रमाणे झालेला करार बदलायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. ही संमती सहीनेच दिली जाते असे नाही, ती वागण्यातूनही दिसते. ग्रुपवरच्या निरोपाला दिलेला अंगठा, ‘ओके मॅडम’, किंवा तीन महिने मुकाट्याने भरलेली वाढीव फी हे सगळे पुढे ‘पालकांना बदल मान्य होता’ म्हणून दाखवले जाते. म्हणून ग्रुपवर वाद घालत बसू नये. संचालकांच्या ईमेलवर किंवा वैयक्तिक क्रमांकावर एवढा मजकूर पाठवावा:

‘दिनांक … च्या निरोपाने आपण वेळ व फी बदलली आहे. दिनांक … च्या प्रवेश अर्जात ठरलेल्या अटींशी हे जुळत नाही आणि या बदलाला माझी संमती नाही. मुलाची दुसरी सोय होईपर्यंत वाढीव रक्कम मी हरकत नोंदवून भरत आहे. ती परत मागण्याचा माझा हक्क राखून ठेवला आहे.’

नोकरी करणाऱ्या आईबापांना मूल लगेच काढता येत नाही, हे पाळणाघरालाही पक्के ठाऊक असते. म्हणून ‘हरकत नोंदवून’ हे दोन शब्द महत्त्वाचे. यूपीआयने पैसे भरताना टिपणीच्या जागीही तेच लिहावे.

मूल काढायचे ठरले तर आणखी एक सापळा असतो. बऱ्याच ठिकाणी सोडण्याचा छापील फॉर्म असतो आणि त्यात कारण म्हणून ‘वैयक्तिक’ आधीच छापलेले असते. त्यावर सही केली की अनामत परत मागण्याचा मुद्दा कमकुवत होतो, कारण ‘एक महिन्याची पूर्वसूचना न देता सोडले’ ही अट पालकांवरच उलटते. ते कारण खोडून हाताने लिहावे: ‘ठरलेल्या अटी एकतर्फी बदलल्यामुळे’. आणि सही केलेल्या पानाचा फोटो तिथेच काढून घ्यावा.

तक्रार कोण करू शकते

मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. पैसे आजोबांनी भरले असले आणि लाभ नातवाला मिळत असला तरी तो लाभार्थीही कायद्याने ग्राहकच ठरतो. मूल अज्ञान असल्याने तक्रार आई, वडील किंवा कायदेशीर पालक करतात. पैसे भरणारा आणि प्रवेश अर्जावर सही करणारा वेगळा असेल तर दोघांनाही तक्रारदार करावे, म्हणजे तो आक्षेप उरत नाही. पाच-सात कुटुंबांची तक्रार एकच असेल तर ती एकत्र दाखल करता येते. एकत्र येण्याचा खरा फायदा पुराव्यात होतो: सगळ्यांच्या प्रवेश अर्जांत तीच वेळ छापलेली दिसली की ‘तोंडी वेगळे ठरले होते’ हा बचाव टिकत नाही.

अंगणवाडीसारख्या विनामूल्य सेवेला हा मार्ग लागू नाही. मुलाला इजा, मारहाण किंवा लैंगिक त्रास झाला असेल तर आधी पोलीस आणि 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी. भरपाईचे नंतर बघता येते.

तक्रारीला नाव काय द्यायचे

इथे शिकलेसवरलेले पालकही चुकतात. प्रवेश अर्जात ‘व्यवस्थापनास नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार आहे’ असे वाक्य सापडले की ‘हा अनुचित करार आहे’ अशी तक्रार लिहिली जाते. मुद्दा चुकीचा नाही. 2019 च्या कायद्यात अवाजवी मोठी अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच जास्त दंड, सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा अशा गोष्टी अनुचित करारात मोडतात. पण अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, ती राज्य आयोगापुढे जाते. लाख-दीड लाखाच्या वादासाठी ती यातायात परवडत नाही. म्हणून जिल्हा आयोगात तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शीर्षकांखाली करावी. ठरलेली सेवा ठरल्याप्रमाणे न देणे ही त्रुटी. पैसे घेऊन बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्याने परवानगी दिलेली नसताना, दुसऱ्याला देणे हीदेखील त्याच सदरात येते.

दुसरा आक्षेप हमखास येतो: ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत.’ शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असे राष्ट्रीय आयोगाने 2020 साली मनू सोळंकी प्रकरणात म्हटले आहे आणि विरुद्ध पक्षाचे वकील तो निकाल पुढे करतातच. पाळणाघर प्ले-स्कूलला जोडलेले असेल तर हा धोका जास्त. तक्रारीत सांभाळ, वेळ, जेवण, झोप, देखरेख यांवर भर द्यावा. अभ्यासक्रम, शिक्षिका, स्नेहसंमेलन यांच्या तक्रारी त्यात मिसळू नयेत. फीची पावती ‘डे-केअर’ आणि ‘स्कूल’ अशी वेगळी असेल तर फक्त डे-केअरची रक्कम मागावी.

कागदपत्रे

- प्रवेश अर्ज, नियमावली, माहितीपत्रक. सही केलेली प्रत दिलेली नसेल तर ती लेखी मागावी. नकार किंवा मौन हाही पुरावाच.
- पावत्या, बँकेचा उतारा, यूपीआय व्यवहारांची नोंद. रोखीने पैसे दिले आणि पावती नाही, तिथे प्रकरण सर्वांत जास्त अडखळते.
- अटी बदलल्याचा निरोप, तारीख आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावे आणि तो फोन बदलू नये. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे.
- हरकतीचे पत्र, नोटीस, स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याच्या नोंदीची प्रिंट.
- जादा खर्चाचा पुरावा: दुसऱ्या पाळणाघराची फी, बिनपगारी रजेची नोंद.
- तक्रारदाराचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला.

विरुद्ध पक्षाचे नाव नीट शोधावे. दारावरची पाटी एका ब्रँडची, पैसे जातात वेगळ्याच व्यक्तीच्या खात्यात, हे फ्रँचायझीत नेहमीचेच. पावतीवरचे नाव, खातेदाराचे नाव आणि दर्शनी भागात लावलेला गुमास्ता परवाना ताडून पाहावा. मालक आणि फ्रँचायझी देणारी कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. आदेश चुकीच्या नावावर निघाला तर वसुली होत नाही.

नोटीस, हेल्पलाइन आणि दाखल करणे

वकिलाची नोटीस बंधनकारक नाही. पंधरा दिवसांची मुदत देणारी स्वतःची नोटीस पुरते. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती विरुद्ध पक्षाकडे पाठवली जाते आणि मोठ्या साखळीतल्या पाळणाघरांबाबत अनामत तिथेच सुटण्याची शक्यता असते. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे तक्रार नोंदवली म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही. ही मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज आणि सबळ कारण लागते.

दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मागितलेली भरपाई इथे धरत नाहीत, प्रत्यक्ष दिलेले पैसे धरतात. मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क शून्य. पाळणाघर ठाण्यात होते आणि कुटुंब आता नाशिकला राहते, तर नाशिकमध्येही तक्रार करता येते. तक्रारदार राहतो किंवा काम करतो ते ठिकाण चालते.

ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. हे पोर्टल 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे. कागदावर द्यायची तर निदान तीन संच, आणि विरुद्ध पक्ष वाढतील तसे संच वाढवायचे. संचात अनुक्रमणिका, तारखांचा तक्ता, तक्रार, नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रे या क्रमाने पाने क्रमांकित करावीत. छाननीत अर्ज परत येतात ते पानांना क्रमांक नाहीत, स्कॅन वाचता येत नाही, प्रतिज्ञापत्रावर तारीख नाही अशा क्षुल्लक कारणांनी. वकील लागत नाही, तक्रार मराठीत चालते.

मागणी आकड्यांत मांडावी. समजा महिना 12,000 प्रमाणे वर्षाचे 1,44,000 आगाऊ आणि 24,000 अनामत भरली, आणि चार महिन्यांनी अटी बदलल्यामुळे मूल काढले. उरलेले आठ महिने म्हणजे 96,000, अधिक अनामत: 1,20,000 आणि त्यावर व्याज. मानसिक त्रास व तक्रारखर्च वेगळा, माफक. पाच लाख मागितले म्हणून जास्त मिळत नाही, उलट तक्रार फुगवलेली वाटते.

पुढे काय होते

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण 21 दिवसांत ठरते. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. त्याहून एक दिवसही वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. 46 व्या दिवशी जबाब आला तर तक्रारदाराने तिथेच आक्षेप नोंदवावा. तडजोडीला वाव दिसला तर आयोग मध्यस्थीकडे पाठवू शकतो; पाळणाघराच्या वादात ती स्वीकारणे बहुधा शहाणपणाचे, कारण प्रश्न ठरावीक रकमेचा असतो. जुनी वेळ तात्पुरती चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश मागता येतो, पण रोज ज्यांच्या हाती मूल सोपवायचे त्यांच्याविरुद्ध तो मागावा का, हे पालकांनीच ठरवायचे.

कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. निकालाविरुद्ध 45 दिवसांत राज्य आयोगात अपील होते आणि पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी त्याच जिल्हा आयोगात कलम 71 खाली वसुलीसाठी आणि कलम 72 खाली शिक्षेसाठी अर्ज करावा. कलम 72 मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा 25,000 ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. या अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकाल लागताच घेऊन ठेवावी.