लुथरन म्हणजे ल्यूथरचे भक्त नव्हेत

"तुमच्या चर्चमध्ये मार्टिन ल्यूथरची पूजा करतात ना?" लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या, वाशीच्या आमच्या विभागीय मेळाव्यात, चहाच्या रांगेत, पाहुण्या म्हणून आलेल्या एका ताईंनी विचारलं. हा समज मी लहानपणापासून ऐकतोय. तो साफ चुकीचा आहे.

आमची प्रार्थना येशूच्या नावाने होते. ल्यूथर (१४८३–१५४६) हे जर्मन संन्यासी आणि विटेनबर्गचे प्राध्यापक. पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं पैसे घेऊन विकली जात, त्याविरुद्ध त्यांनी १५१७ मध्ये ९५ मुद्दे मांडले. देवाची क्षमा कृपेने, विश्वासाने मिळते, ही शिकवण पुढे त्यातूनच उभी राहिली. 'लुथरन' हे नाव मात्र विरोधकांनी हिणवण्यासाठी वापरलं. १५२२ मध्ये खुद्द ल्यूथर यांनी लिहिलं होतं, की माझं नाव लावू नका, स्वतःला ख्रिस्ती म्हणा. मला हे फार मोलाचं वाटतं.

हा पंथ इंग्रजांनी आणला, असंही म्हणतात. तेही खरं नाही. १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे दोन जर्मन तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले. झीगेनबाल्ग तमिळ शिकले आणि त्यांनी बायबलमधल्या नव्या कराराचं तमिळ भाषांतर केलं.

शेजारी नेरुळच्या एक तेलुगू आजी बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत ल्यूथर यांच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीची, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणाऱ्या पुस्तिकेची, तेलुगू प्रत होती, कडा झिजलेली, शिवण सुटलेली. ताईंना ती उघडून दाखवली. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. आजी एकेका ओळीवर बोट ठेवून मराठीत अर्थ सांगत गेल्या.