आवारातला जुना वीजखांब बदलताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

रस्त्यावरच्या खांबांची देखभाल वीज कंपनी करते, घरातल्या वायरिंगकडे आपले लक्ष असते. या दोहोंच्या मधला, आवारातला खांब मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो. घर घेतले तेव्हा तो उभा होताच, म्हणून तो कंपनीचाच असणार असे पुष्कळजण धरून चालतात. फक्त तुमच्याच घराला वीज देणारा, तुमच्या हद्दीतला खांब बऱ्याचदा तुमच्या मालकीचा असतो, आणि तो पडला तर जबाबदारीही तुमच्यावरच येते. कंपनीची हद्द कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, हे सगळीकडे सारखे नसते. वीजजोडणीच्या कागदपत्रांवरून ते कळते, म्हणून पाहणीला आल्यावर आम्ही आधी ते कागद मागतो.

बुंध्याकडे पाहा

खांबाबद्दल शंका आली की लोक वर पाहतात. तारा, इन्सुलेटर, क्लॅम्प हे सगळे महत्त्वाचेच. पण खांब मोडतो तो जमिनीशी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी आणि हवाही हवी. वरचे लाकूड ऊन-वाऱ्याने कोरडे राहते, फार खोलवर हवा पुरेशी पोहोचत नाही. जमिनीच्या पातळीपासून खाली साधारण ३० ते ४५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात दोन्ही भरपूर मिळतात. त्यामुळे वर अगदी धडधाकट दिसणारा खांब उपटला, की खाली पेन्सिलीला टोक काढावे तसा निमुळता निघतो.

ही झीज किती घातक आहे, ते आकड्यांतच समजून घ्यावे. वाकण्याला विरोध करण्याची गोल खांबाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. २०० मिलिमीटर व्यासाचा खांब चहूबाजूंनी फक्त २५ मिलिमीटर कुजला, की व्यास १५० उरतो आणि ताकद सुमारे ४२ टक्क्यांवर येते. उलट तोच खांब आतून १०० मिलिमीटर पोकळ झाला, पण भोवतीचे ५० मिलिमीटर लाकूड सगळीकडून शाबूत राहिले, तर हिशेबाने ९० टक्क्यांहून जास्त ताकद शिल्लक असते. म्हणून ‘आतून पोकळ वाटतोय’ एवढ्यावरून आम्ही खांब बाद करत नाही, आणि ‘वरवरच कुजलाय’ म्हणून सोडूनही देत नाही.

पाहणीत बुंध्याभोवतीची माती थोडी उकरून आम्ही स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहतो. चांगले लाकूड टोक आत घेत नाही. कुजलेले ओल्या पुठ्ठ्याइतके मऊ लागते आणि त्याचे बारीक चौकोनी तुकडे पडतात. मग हातोडीने खालून वर ठोकत जायचे. निरोगी खांब खणखणीत वाजतो, बिघडलेला बद्द आवाज देतो. शंका उरलीच तर बारीक ड्रिलने भोक पाडून आतले लाकूड तपासतो आणि भोक औषध लावलेल्या खुंटीने बंद करतो. वाळवीच्या मातीच्या नळ्या बुंध्यावर चढताना दिसल्या तर त्या खरवडून टाकू नका, तशाच आम्हाला दाखवा.

लोखंडी खांबाचाही नाजूक भाग तोच. काँक्रीटच्या पायातून खांब जिथे बाहेर येतो तिथे पाणी साचते आणि गंजाचे कडे तयार होते. वरची टोपी निघून गेली असेल तर पाणी पोकळीत उतरते आणि गंज आतून लागतो. वरून रंग मारल्याने तो झाकला जातो, थांबत नाही. सिमेंटच्या खांबात सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला उभी चीर पाडते. चिरेतून तपकिरी ओघळ दिसू लागले, की ती चीर सिमेंटने बुजवण्यात अर्थ नाही.

कशाची वाट पाहू नये

खांब पूर्वी थोडा कललेलाच असेल तर ते तितकेसे चिंतेचे नाही. पण कल नव्याने आला असेल, वाढत असेल, किंवा बुंध्याशी मातीला फट पडली असेल, तर लगेच कळवा. वारा सुटला की दिवे लुकलुकतात, याचा अर्थ बहुधा कुठेतरी जोड सैल झाला आहे. नळाला किंवा एखाद्या धातूच्या वस्तूला हात लागताच झिणझिण्या आल्या तर ती वस्तू पुन्हा चाचपून पाहू नका. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटल्याची ती खूण असू शकते, आणि हे खांब बदलण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही तातडीचे आहे. सगळ्यांना त्या वस्तूंपासून दूर ठेवून थेट वीज कंपनीच्या तातडीच्या सेवेला फोन करा.

तार तुटून खाली पडलीच तर ती मेलेली आहे असे कधीही समजू नका. किमान १० मीटर लांब राहा, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा. तार गाडीवर पडली आणि गाडीला आग लागलेली नसेल, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आतच बसून राहा.

काम कसे चालते

वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय आम्ही तारेला हात लावत नाही. खांबाकडून मीटरपर्यंत येणारी वायर घरच्या मेन स्विचने बंद होत नाही, हे ध्यानात असू द्या. तारीख कंपनीच्या सोयीने ठरते आणि वेळ जातो तो मुख्यतः इथेच. प्रत्यक्ष खांब उभा करायला त्या मानाने फार वेळ लागत नाही.

एका गोष्टीबाबत आम्ही कुणाचेही ऐकत नाही: जुन्या खांबाला शिडी टेकवून त्यावर माणूस चढवायचा नाही. कुजलेला खांब कित्येकदा तारांच्या ओढीवरच तोल सांभाळून उभा असतो. एका बाजूची तार सोडली, की तो दुसऱ्या बाजूला कोसळतो, वर असलेल्या माणसासकट. म्हणून आधी खांब क्रेनने किंवा टेकूंनी धरायचा आणि वरचे काम बकेट-गाडीतून करायचे. यासाठी फाटकातून गाडी आत यायला वाट लागते. ती नसेल तर पाहणीच्या वेळीच सांगा, म्हणजे दुसरी सोय ठरवता येईल.

नवा खड्डा शक्यतो जुन्याच्या शेजारी घेतो, कारण जुन्या खड्ड्यातली माती ढिली झालेली असते. खोदण्यापूर्वी पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि जमिनीखालच्या केबली कुठून गेल्या आहेत ते आम्हाला दाखवा. खोलीचा ढोबळ नियम असा, की लांबीचा सुमारे सहावा भाग जमिनीत हवा. ८ मीटरच्या खांबाला साधारण १.३ मीटर. माती भुसभुशीत असेल तर त्याहून जास्त. ओळंब्याने खांब सरळ केला, की माती थराथराने धुम्मसने ठोकून भरायची. काँक्रीट घातले तर त्याला पुरेशी ताकद येईपर्यंत टेकू काढत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवून बाहेरच्या बाजूला उतार देतो, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबत नाही.

तार ताणून घट्ट करा, असा आग्रह काही ग्राहक धरतात, कारण झोळ दिसायला बरा वाटत नाही. पण झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो, आणि थंडीत तार आकसली की आणखी वाढतो. तो सगळा ताण नव्या खांबावर आणि तुमच्या भिंतीतल्या हुकावर येतो. वाहन खालून सुरक्षित जाईल इतकी, नियमाप्रमाणे उंची राखून झोळ ठेवणेच योग्य. शेवटच्या खांबाला एकाच बाजूने ओढ असते, म्हणून त्याला बहुतेकदा विरुद्ध बाजूला स्टे, म्हणजे खांबाला जमिनीशी ओढून धरणारी तार, लागतो. हा स्टे वाटेत येतो म्हणून कुणी काढून टाकू नये.

खांब लावायचाच नसेल तर जमिनीखालून केबल नेता येते. अंतर कमी असेल आणि चर खणता येत असेल तर आमचा सल्ला तोच असतो, मग खांब कुजण्याचा प्रश्नच मिटतो. खडक लागला किंवा मोठ्या झाडाची मुळे आड आली, तर खांबच बरा.

वीज परत सुरू करताना

जोडणी झाली की इन्सुलेशन, अर्थिंग आणि फेज-न्यूट्रल जागच्या जागी आहेत की नाही, हे तपासून त्याची नोंद तुम्हाला देतो. थ्री-फेज जोडणी असेल तर फेजचा क्रमही पाहतो, कारण दोन फेज उलटसुलट झाल्या तर पंपाची मोटर उलटी फिरते. आम्ही निघण्यापूर्वी आमच्यासमोर पंप चालू करून पाहा.

काढलेला लाकडी खांब तोडून जाळू नका. जुन्या खांबांना अनेकदा क्रिओसोट किंवा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेले औषध दिलेले असते. आर्सेनिकवाल्या लाकडाच्या धुरात आणि राखेत विष असते. बाक, भाजीचे वाफे, मुलांचा झोपाळा यांसाठीही ते लाकूड वापरू नये. खांब घेऊन जायचे काम आमच्याकडेच असते; नको असेल तर तसे आधी सांगा.

नव्या खांबाच्या बुंध्याशी माती, पालापाचोळा किंवा विटा रचू नका आणि त्यावर वेल चढवू नका. पहिल्या काही पावसांनंतर भोवतीची माती बसते. खड्डा पडलेला दिसला तर फोटो काढून पाठवा, आम्ही येऊन भर घालून जातो.