नोव्हेंबरच्या अर्जामागचा हिशेब

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत पदवीसाठीचे नेहमीचे अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला जातात आणि निकाल मार्चअखेर लागतात. तरीही प्रवेश-सल्लागार मुलांना कामाला लावतात ते १ नोव्हेंबरची मुदत धरून. 'अर्ली डिसिजन'चा अर्ज एकाच विद्यापीठाकडे करायचा असतो. डिसेंबरच्या मध्यावर होकार आला, की बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. 'अर्ली ॲक्शन'मध्ये निकाल तितकाच लवकर मिळतो, पण बांधिलकी नसते. लवकर अर्ज हा मुलांच्या सोयीचा मार्ग म्हणून सांगितला जातो; त्याचा जन्म मात्र कॉलेजांच्या गरजेतून झाला.

१९५० च्या दशकात अर्जांची संख्या फुगली आणि एकेक मुलगा चार-पाच ठिकाणी अर्ज करू लागला. प्रवेश दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती येतील, याचा अंदाज येईना. हार्वर्ड-येलपुढे आपली चांगली मुलं टिकत नाहीत, हे न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, छोट्या कॉलेजांना सलत होतं. मग तोडगा निघाला: आम्हीच तुमची पहिली पसंती असू, तर आधी सांगा, आम्हीही आधी उत्तर देऊ.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला त्या काळी अशा करारांची गरजच नव्हती. त्यांचे प्रवेश-अधिकारी अँडोव्हर, एक्सेटरसारख्या श्रीमंत निवासी शाळांत जात आणि मुलांना अ, ब, क अशा श्रेणी देत. 'अ' म्हणजे प्रवेश जवळपास पक्का. मुलाला निकालाआधीच आपला अंदाज कळे. सरकारी शाळेतल्या मुलाला असं सांगणारं कुणी नसे. ही पद्धत मागे पडली आणि सत्तरच्या दशकात अर्ली ॲक्शन आलं. १९७६ मध्ये खासगी शैक्षणिक सल्लागारांची संघटनाही उभी राहिली. शाळेचे मुख्याध्यापक जे मार्गदर्शन फुकट करत, ते आता फी घेऊन होऊ लागलं.

खरा जोर चढला तो क्रमवारीमुळे. 'यू. एस. न्यूज' या साप्ताहिकाची कॉलेजांची पहिली क्रमवार यादी १९८३ मध्ये आली. पुढे किती टक्के अर्जदार घेतले आणि घेतलेल्यांपैकी किती आले, हेही तिच्या गुणांकनात शिरलं. समजा, कॉलेजला १००० जागा भरायच्या आहेत आणि प्रवेश मिळालेल्यांपैकी ४० टक्केच येतात. तर २५०० जणांना होकार द्यावा लागतो. १००० पैकी ५०० जागा अर्ली डिसिजनच्या बांधील अर्जांतून भरल्या, जिथे होकार मिळालेला प्रत्येक जण येतोच, तर एकूण १७५० होकार पुरतात. शिक्षणात काडीचाही बदल न करता कॉलेज एकदम 'कठीण' दिसू लागतं! १९९० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने हा मार्ग जोरात वापरला. १९९६ च्या सुमारास येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डही बांधील अर्जाकडे वळले.

टीका व्हायला वेळ लागला नाही. ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउजर या अभ्यासकांनी २००३ मध्ये दाखवलं, की लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅट या प्रवेश-परीक्षेत सुमारे १०० गुण जास्त मिळवण्याइतका आहे. आर्थिक मदतीच्या देकारांची तुलना करायला मात्र बांधील अर्जदाराला वाव नसतो, त्यामुळे हा फायदा ज्याला पैशांची चिंता नाही त्याच्याच पदरात जास्त पडतो. येल आणि स्टॅनफर्डने २००२ मध्येच बंधन सोडण्याचं जाहीर केलं होतं. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने लवकरची फेरीच रद्द केली. इतर विद्यापीठं मागून येतील, ही त्यांची आशा फोल ठरली. मोजक्यांनीच साथ दिली आणि २०११ मध्ये दोघांनीही, बंधन न घालता, फेरी परत आणली. एकट्याने शस्त्र खाली ठेवणं हार्वर्डलाही परवडलं नाही. 'यू. एस. न्यूज'ने पुढे किती घेतले आणि किती आले हे दोन्ही निकष यादीतून काढून टाकले, तरी सवय राहिलीच.

मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी गणित आणखी वेगळं आहे. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता निर्णय घेणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी विद्यापीठं थोडीच. बहुतेक ठिकाणी मदत मागितली की संधी घटते. नोव्हेंबरच्या अर्जाला बारावीचा निकाल उपलब्ध नसतो. नववीपासूनचे गुण, अंदाजित गुण आणि शिक्षकांची शिफारसपत्रं यांवरच भिस्त. आंतरराष्ट्रीय शाळांत या कामासाठी पगारी समुपदेशक असतो. राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजात मूल येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं असतं, त्यातलंही बरंचसं क्लासमध्ये गेलेलं. शिफारस लिहिणाऱ्या प्राध्यापकांना त्याचा चेहरा ओळखीचा असला तरी पुष्कळ. 'यूएसआयईएफ' या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या मुंबई कार्यालयात एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्लासेवेचं मार्गदर्शन मिळतं, पण अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी आणि पालकांबरोबर तिसरी सही लागते ती शाळेच्या समुपदेशकाची.