पॉलिश म्हणजे रंग नव्हे

“जमीन जुनाट दिसतेय, पॉलिश मारून घेऊ. आणि मारतोच आहोत तर जरा गडद रंगही करून टाकू.” हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की ‘पॉलिश’ हा शब्दच आता डोक्यात जातो. लाकडी जमिनीच्या बाबतीत या एका शब्दात आपण दोन वेगळी कामं कोंबतो. एक काम दोन दिवसांत उरकतं. दुसऱ्यात घरातलं सामान बाहेर निघतं आणि भुसा आठवडाभर कपाटांतसुद्धा सापडतो. ठरवायचं पहिलं आणि अपेक्षा दुसऱ्याची धरायची, मग कारागिराशी वाजणारच.

पहिलं काम म्हणजे वरून नवा हात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. जुना थर १२०-१५० नंबरच्या घासायच्या जाळीने नुसता खरवडून त्याची चमक मारायची, धूळ टिपायची आणि पीयूचा (पॉलियुरेथेनचा, म्हणजे लाकडावर संरक्षक थर बनवणाऱ्या वार्निशचा) हात द्यायचा. लाकडाला कोणी स्पर्शही करत नाही. पथ्य एकच: त्या जमिनीला पूर्वी मेण लावलेलं नसावं, नाहीतर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन कोपऱ्यात चोळा. फडकं पिवळट-तपकिरी आणि मेणचट झालं तर थांबा.

आता दुसरं काम, म्हणजे रंग बदलणं. गफलत होते ती इथेच, आणि तिचं मूळ आपल्या दारं-खिडक्या रंगवायच्या सवयीत आहे. ऑइलपेंट वर बसतो, म्हणून जुन्यावर नवा चालतो. स्टेन, म्हणजे लाकडाला गडद करणारा पातळ रंग, वर बसत नाही, तो लाकडात मुरतो. बाटिक करणाऱ्याला विचारा: जिथे मेण, तिथे कापडाला रंग लागत नाही. जमिनीवरचा पीयूचा थर म्हणजे तेच मेण समजा. लाकडाची छिद्रं त्याने बुजवलेली असतात, त्यामुळे वरून ओतलेला स्टेन जाणार कुठे?

आमच्या एका नातेवाइकांच्या दिवाणखान्यात हा प्रयोग झाला. कारागीर म्हणाला, “घासायची गरज नाही, चढतो रंग.” चढला खरा. चौथ्या दिवशीही तो चिकट होता, पांढऱ्या मोज्यांचे तळवे तपकिरी झाले आणि सोफा ओढला तिथे पट्टा उठला. शेवटी सगळं खरवडून मूळ लाकडापर्यंत जावंच लागलं, म्हणजे दोनदा खर्च.

यावर पळवाट म्हणून रंगीत पीयू सुचवला जातो. त्यात रंग थरातच असतो, त्यामुळे तो चिकटतो हे खरं. पण रोलरचे दोन फटकारे जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद पट्टे दिसतात, आणि ओरखडा गेला की खालचा जुना रंग डोकावतो. एखाद्या टेबलाला ठीक आहे, रोज पायांखाली येणाऱ्या जमिनीला मी तो कधीच लावणार नाही.

तेव्हा रंग बदलायचा तर कोरं लाकूड दिसेपर्यंत घासणं आलंच. आणि हे घासकामही, रंग न देता नुसता पारदर्शक पीयू द्यायचा असताना करतात त्याहून काटेकोर लागतं. ३६ किंवा ४० नंबरच्या खरखरीत पेपरने सुरुवात, मग क्रमाने बारीक होत ६०, ८०, १००. मधला एक नंबर गाळला तर पारदर्शक पीयूखाली फारसं कळत नाही, पण गडद स्टेनचे कण नेमके त्या ओरखड्यांत जाऊन बसतात. भिंतीच्या कडेने छोटं मशीन फिरवलेलं असतं, तिथे चंद्रकोरींची रांगच उमटते. कारागीर मग लाकडाला दोष देतो. दोष गाळलेल्या पेपरचा असतो. (मेपल आणि पाइन मात्र खरोखरच डागाडागांनी रंग पितात. ओकवर तो एकसारखा बसतो.) स्टेन लावल्यावर जास्तीचा लगेच पुसायचा. गडद हवा म्हणून जाड थर तसाच ठेवला तर तो वाळत नाही आणि वरचा पीयू सुटतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. स्टेनने लाकूड गडद होतं, फिकं होत नाही. पण “रंग बदलायचाय” म्हणणाऱ्या कित्येकांना खुपत असतो तो लाकडाचा रंग नसतोच. तेलावर आधारलेला पीयू वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो, खुपतो तो हा पिवळेपणा. घासल्यावर तो जातो आणि खालून निघतं ते लाकूड बऱ्याचदा हवं तेवढं फिकं असतं. मग स्टेनच्या वाटेला जाऊच नका, पाण्यावर आधारलेल्या पीयूचे हात द्या. माझी पसंती जवळजवळ नेहमी हीच.

जाडी आधी तपासा. अखंड लाकडाची पट्टी साधारण १८-१९ मिलिमीटर असते, ती अनेकदा घासून घेते. इंजिनिअर्ड पट्टीवर, म्हणजे थर चिकटवून बनवलेल्या पट्टीवर, खऱ्या लाकडाचा पापुद्राच असतो. तो २ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर रंगाचा विचार सोडा, फक्त नवा हात द्या. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा छापील फोटो, त्याला दोन्ही नाही.

रंग बदलायचा नसेल, तरी नुसता हात पुरेल का, हे पाण्याचा थेंब सांगतो. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर एक थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. काही मिनिटांत खालचं लाकूड काळवंडलं तर थर झिजलाय, आता घासणंच.

तेलाच्या स्टेनने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा. आणि रंगाचा नमुना दुकानातल्या तुकड्यावर पाहून ठरवू नका, तो तुकडा दुसऱ्याच लाकडाचा असतो. घासलेल्या आपल्याच जमिनीवर हातभर पट्टा लावा, वर पीयू द्या आणि एकदा उन्हात, एकदा दिव्याखाली बघा.