कोळशाच्या पायाखालची माती

दक्षिण वेल्समधल्या जुन्या कोळसाखोऱ्यांत समोरच्या डोंगराकडे नीट पाहिलं, तर उताराच्या मध्यावर कधी कधी एक आडवी हिरवी रेघ दिसते. ती लव्हाळ्याची असते. आजूबाजूचं गवत पिवळट, आणि मधूनच हा गर्द हिरवा पट्टा डोंगराच्या अंगावरून एका पातळीत लांबवर गेलेला. त्यात पाय टाकला तर बूट घोट्यापर्यंत आत जातो. भूशास्त्रज्ञ अशी रेघ दिसली की नकाशा उघडतो. डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी वालुकाश्मातून झिरपत झिरपत इथवर आलेलं असतं. इथे त्याला खाली जायला वाट मिळत नाही, म्हणून ते बाहेर येतं. बऱ्याचदा त्या रेघेच्या आसपासच डोंगराचा एखादा लचका सुटून खाली आलेला सापडतो.

कोळशाच्या मुलखात दरड कोसळली की बोट आधी खाणीकडे जातं. ते चुकीचं नाही, पण त्यातून निम्मीच गोष्ट कळते. एकट्या दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्यात पाचशेहून जास्त भूस्खलनांची नोंद झाली आहे, आणि त्यांतली कितीतरी पहिली कुदळ पडण्याच्या हजारो वर्षं आधीची आहेत. ज्या परिस्थितीत कोळसा तयार झाला, त्याच परिस्थितीनं त्याच्या खाली आणि वर घसरायला सोयीचे थर रचून ठेवले. कोळसा आणि दरड ही एकाच घरची भावंडं आहेत.

सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी आजचं वेल्स विषुववृत्ताजवळ होतं. नद्यांची सपाट मुखं, दलदली, आणि त्यांत वाढलेली प्रचंड झाडं. झाडं पडत, पाण्याखाली कुजण्याऐवजी साठत आणि त्यांचं पीट बनत जाई. मग जमीन खचे किंवा समुद्र वर चढे, दलदल बुडे आणि तिच्यावर चिखल बसे. नदी पुन्हा वाळू आणून टाके, वाळूवर माती, मातीवर पुन्हा जंगल. हे चक्र एकदा-दोनदा नाही, पुन्हा पुन्हा फिरलं. चिखलाचा पंकाश्म झाला, वाळूचा वालुकाश्म आणि पीटचा कोळसा. त्यामुळे कोळशाचा डोंगर म्हणजे एकसंध कातळ नसतो. कडक थर, मऊ थर, काळा थर, पुन्हा कडक थर, अशी ती चळत असते.

या चळतीतला सगळ्यांत दुर्लक्षित थर म्हणजे कोळशाच्या बरोबर खालची माती. ब्रिटिश खाणकामगार तिला ‘सीटअर्थ’ म्हणतात, म्हणजे कोळसा जिच्यावर बसला आहे ती. ज्या जंगलाचा कोळसा झाला, त्याची मुळं याच मातीत होती. आजही तिच्यात त्या मुळांचे ठसे सापडतात. मुळांनी तिची मूळची थररचना पार विसकटून टाकलेली असते, आणि दलदलीच्या आम्ल पाण्यानं तिच्यातली बरीचशी खनिजं धुऊन नेलेली असतात. उरते ती राखाडी, मऊ, चिकणमातीच्या कणांनी भरलेली माती. तिचा तुकडा हातात घेऊन मोडला तर तो वेड्यावाकड्या, वळणदार पृष्ठांवर सुटतो, आणि ती पृष्ठं चकचकीत असतात, पॉलिश केल्यासारखी. त्यांवरून नख फिरवलं तर बारीक समांतर चरे जाणवतात. हे पॉलिश घसरण्याचं आहे. थर दाबले जाताना, आणि नंतर अख्खा प्रदेश वळ्या पडून दुमडला जाताना, कडक वालुकाश्म एकमेकांवरून सरकले ते याच मऊ थरांच्या आधारानं. डोंगर आज कोसळला तरी त्याच्या घसरगुंडीची घासाई कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेलेली असते.

घासाईचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. ते अस्ताव्यस्त पडलेले असतात तोवर एकमेकांत अडकतात आणि मातीला बऱ्यापैकी ताकद देतात. पण थर एकदा घसरला की त्या पृष्ठावरचे कण घसरण्याच्या दिशेनं आडवे होतात, पत्त्यांच्या नव्या कॅटसारखे. मग ती जागा कायमची दुबळी होते. ॲलेक स्केम्प्टन या अभियंत्यानं १९६४ साली लंडनमधल्या रँकिन व्याख्यानात हा उरलेल्या ताकदीचा विचार ठसठशीतपणे मांडला, आणि पुष्कळ कोडी सुटली. ताज्या, न घसरलेल्या चिकणमातीचा घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारापर्यंत नुसतं घर्षण थराला धरून ठेवतं तो कोन, वीस अंशांच्या पुढे असू शकतो. घासून निघालेल्या पृष्ठावर तो दहा-बारा अंशांवर येतो. म्हणजे ज्या उतारावर सायकल ढकलत नेताना जेमतेम दम लागावा, त्या उतारावरूनही डोंगर घसरू शकतो.

पंकाश्माची तऱ्हा वेगळी. खाणीतून नुकताच काढलेला तुकडा दगड म्हणण्याइतका टणक असतो, हातोडी मारावी लागते. तो उन्हात चांगला वाळवायचा आणि काचेच्या भांड्यात पाण्यात सोडायचा. आधी बारीक बुडबुडे निघतात. सुकलेल्या छिद्रांत पाणी घुसतं आणि आतली हवा कोंडून दाबली जाते. मग कडेचे पापुद्रे सुटतात. जात दुबळी असेल तर तासाभरात तळाशी नुसता चुरा उरतो. डोंगराच्या अंगावर हाच प्रयोग ऊन आणि पाऊस मिळून दरवर्षी करतात.

आता पाण्याकडे येऊ. पाण्यानं माती निसरडी होते म्हणून दरड घसरते, असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे. पाणी इथे वंगणाचं काम फारसं करत नाही, ते जॅकचं काम करतं. वरच्या थराचं वजन खालच्या पृष्ठावर दाबून बसलेलं असतं, आणि त्या दाबामुळेच घर्षण मिळतं. भेगांत पाणी चढलं की ते वरच्या वजनाचा काही हिस्सा स्वतः उचलून धरतं. जितकं त्यानं उचललं, तितकं घर्षण कमी. कार्ल टेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या या साध्या हिशेबावर आजचं मृदा अभियांत्रिकीचं शास्त्र उभं आहे.

हिशेब करूनच पाहू. १० मीटर जाडीचा दगडमातीचा थर ८ अंशांच्या मऊ पृष्ठावर बसला आहे, त्या पृष्ठाचा घर्षणकोन ११ अंश आहे आणि थराची घनता पाण्याच्या दुप्पट आहे असं धरू. सगळं कोरडं असताना धरून ठेवणारं बल खाली ओढणाऱ्या बलाच्या सुमारे १.४ पट भरतं. ठीक आहे, थर जागचा हलणार नाही. पाणी निम्म्या जाडीपर्यंत चढलं की हीच पट १.०४ वर येते, म्हणजे थर काठावर आला. आणि पाणी पार वरपर्यंत भरून उताराला समांतर वाहू लागलं की ०.७. उतार तोच, थर तोच, बदललं ते फक्त पाणी.

त्यात वेल्सच्या खोऱ्यांना हिमनद्यांनी खरवडून काढलेलं. बर्फ होता तोवर खोऱ्याच्या भिंतींना तो टेकू देत होता. तो वितळला आणि भिंती उघड्या पडल्या. वरती जाड, भेगाळ वालुकाश्म, ज्याला तिथे पेनंट सँडस्टोन म्हणतात. खाली पंकाश्म, सीटअर्थ आणि कोळसा. वरून पाणी आत घ्यायचं आणि खालच्या थरावर अडवायचं, अशी ही आयतीच व्यवस्था.

मग माणूस आला आणि त्यानं खालचा कोळसा काढायला सुरुवात केली. कोळसा काढला की पोकळी होते, छत खाली बसतं, आणि ते बसणं वरच्या थरांमधून चढत चढत जमिनीपर्यंत पोचतं. खचलेल्या भागाच्या मधोमध जमीन दाबली जाते, पण कडेला ती ताणली जाते. वालुकाश्माला ताण अजिबात सोसत नाही; त्याच्या मूळच्या सांध्यांच्या फटी रुंदावतात. डोंगराच्या कडेशी अशा फटी माणूस उतरू शकेल एवढ्या मोठ्या झालेल्या आहेत. पूर्वी पावसाचं पाणी आठवड्यांनी खाली पोचत असेल, तर आता ते कमी वेळात आणि थेट मऊ थराच्या डोक्यावर पोचतं. खाणीनं डोंगराचा स्वभाव बदलला नाही, पण त्याला घाई मात्र लावली.

आणि खाणीतून वर काढलेला दगड, पंकाश्माचा चुरा, कोळसा धुतल्यावर उरलेला गाळ कुठे ठेवायचा? खोऱ्यांच्या तळाशी जागा नव्हती. तिथे नदी, रेल्वे आणि घरांच्या रांगा. म्हणून ढिगारे डोंगरावर चढवले गेले.

दक्षिण वेल्समधल्याच ॲबरफॅन या खाणगावाचा सात नंबरचा ढिगारा १९५८ साली सुरू झाला आणि आठ वर्षांत सुमारे ३४ मीटर उंच झाला. तो एका झऱ्यावर रचला होता. झरा कुणाला नव्यानं शोधावा लागला नसता, तो नकाशांवर होता. त्याच डोंगरावरचा चार नंबरचा ढिगारा १९४४ मध्ये घसरला होता, आणि सात नंबर स्वतः १९६३ मध्ये एकदा सरकला होता. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. काही आठवडे पाऊस झाला होता. खाली खोऱ्यात धुकं होतं, वर डोंगरावर स्वच्छ ऊन. सकाळी कामावर आलेल्यांना ढिगाऱ्याचा माथा सुमारे ३ मीटर खचलेला आणि क्रेनचे रूळ खड्ड्यात गेलेले दिसले. सव्वानऊच्या सुमाराला ढिगारा सुटला आणि पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर आला. १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं होती.

एवढा मोठा ढीग पाण्यासारखा वाहिला कसा? सैल टाकलेल्या बारीक चुऱ्यात कणांच्या मधे पुष्कळ जागा असते. ती पाण्यानं भरलेली असताना ढीग थोडा सरकला की कण जवळ यायला बघतात, पण मधलं पाणी तितक्या झटक्यात बाहेर पडू शकत नाही. मग कणांवरचं वजन पाण्यावर येतं, कण एकमेकांना टेकतच नाहीत, आणि क्षणापूर्वी घट्ट असलेला ढीग द्रव बनतो. वर सांगितलेल्या जॅकचीच ही टोकाची अवस्था.

पण ॲबरफॅनमध्ये मूळ खडकाचाही हात होता, आणि तो भाग सहसा सांगितला जात नाही. तिथे वालुकाश्मावर हिमनदीनं सोडलेल्या चिकट मातीचं आवरण होतं. त्याखाली खडकाच्या भेगांत पाणी दाबाखाली कोंडलेलं होतं. खाणकामानं त्या भेगा आणखी रुंद केल्या होत्या. ढिगारा घसरताना त्यानं हे आवरण खरवडून नेलं आणि कोंडलेलं पाणी उसळून बाहेर आलं. पहिल्या लोंढ्यामागून चिखलाचा दुसरा लोंढा वाहिला तो यामुळे. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायाधिकरणानं १९६७ मध्ये नॅशनल कोल बोर्डाला, म्हणजे खाणी चालवणाऱ्या सरकारी मंडळाला, दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला.

तो कायदा प्रामुख्यानं चालू खाणींचा विचार करणारा होता. खाणी बंद झाल्या, ढिगारे तिथेच राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळाच्या पावसात वेल्समधल्या टायलर्सटाउनचा एक जुना ढिगारा सुटला आणि सुमारे ६०,००० टन कचरा खालच्या नदीत आला. सुदैवानं कुणी गेलं नाही. त्यानंतर मोजदाद झाली, तेव्हा वेल्समध्ये बंद खाणींचे अडीच हजारांच्या आसपास ढिगारे निघाले. ढिगाऱ्यांचा हा धोका एका देशापुरता नाही. झारखंडमधल्या लालमटिया इथे २९ डिसेंबर २०१६ रोजी उघड्या खाणीतला माती-दगडाचा ढीग कोसळून २३ कामगार गाडले गेले.

थर सपाट असतात तिथली ही गोष्ट झाली. ते उभे असले तर? कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात टर्टल माउंटन नावाचा पर्वत आहे. तिथे भूकवचाच्या हालचालींनी ३० कोटी वर्षांहून जुना चुनखडक त्याच्या जवळजवळ निम्म्या वयाच्या, कोळसा असलेल्या खडकांवर आणून ठेवला आहे. जड, भेगाळ म्हातारा वर आणि मऊ तरुण पायाशी. शिवाय चुनखडकाला कमानीसारखी वळी पडलेली, आणि खोऱ्याकडच्या बाजूला तिचे थर खोऱ्याच्याच दिशेनं उतरलेले. पायथ्याशी कोळशाचा थर जवळपास उभा होता. १९०१ मध्ये तिथे फ्रँक गावाची खाण सुरू झाली. पर्वताचा भार इतका होता की कोळसा आपोआप सुटून पडे आणि लाकडी टेकू पिचत. कामगारांना ते सोयीचं वाटे.

२९ एप्रिल १९०३ च्या पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी सुमारे ३ कोटी घनमीटर चुनखडक सुटला आणि दीडेक मिनिटात खोरं ओलांडून पलीकडच्या चढावर गेला. ७० ते ९० माणसं दगडाखाली गेली. यात खाणीचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून घासाघीस करतात. पर्वताची घडण मुळात कोसळण्याजोगी होती, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

त्या वेळी रात्रपाळीचे १७ कामगार खाणीत अडकले होते. मुख्य तोंड दगडांनी बंद झालेलं, हवा संपत चाललेली. चुनखडकातून वाट काढणं शक्य नव्हतं. पण त्यांना एक कोळशाचा थर माहीत होता, जो वर चढत थेट पृष्ठभागाला भिडत होता. तो मऊ होता, कुदळ लागू पडत होती. पाळीपाळीनं त्यांनी तोच खणत नेला, आणि १३ तासांनी ते डोंगराच्या अंगावर बाहेर पडले. सतराही जिवंत होते.